बाई, त्या दिवशीची घंटा

बाई, तुम्हाला मातीत ठेवल्याच्या चौथ्या दिवशी मी तुमची घंटा वाजवली. घंटा कसली, रुळाचा तुकडा तो. मामंजींनी बल्लारशाहून बैलगाडीत घालून आणलेला आणि प्रार्थनाघरापुढच्या चिंचेला टांगलेला. तुम्ही त्यावर लोखंडी खुंटी हाणायचात तेव्हा पाच घरांची आपली मंडळीच काय, नाल्यापलीकडची गुरंसुद्धा घराकडे वळायची. मी हाणली तर नुसता खण्ण असा आवाज झाला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मंडळी जमली, पण ती आवाजानं नव्हे, माझी कीव येऊन जमली असणार.

तुम्ही माझ्या सासूबाई. पण सगळं गाव तुम्हाला बाई म्हणायचं, म्हणून मीही पहिल्या दिवसापासून बाईच म्हणत आले. पाद्रीसाहेब नाताळाआधी चांद्याहून येतील तेव्हा तुमच्या सेवेबद्दल, तुमच्या विश्वासाबद्दल बोलतील. खुशाल बोलू देत. मला तुमची स्तुती करायची नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तुम्ही मधूनच उठून गेलात.

चैत्रातला तो दिवस आठवा. मोह फुलायला आला होता. फुलं पहाटे गळतात आणि खाली पाला असला की त्यात हरवतात, म्हणून इथं सगळेच झाडाखालचा पाला जाळून जमीन मोकळी करून ठेवतात. यंदा मात्र नाल्यापलीकडे वनखात्यानं सागाची नवी लागवड केली होती आणि पाला जाळायची बंदी होती. दवंडी देणारा दुसरा कोणी नव्हता, तुमचाच मुलगा, माझा नवरा याकोब. खात्याचा नाकेदार, जंगलाची राखण करणारा. खाकी टोपी घालून गावभर सांगत फिरला आणि घरी येऊन भाकर खाताना आपल्या दोघींनाही बजावलं.

"झाडून घेऊ वो," तुम्ही म्हणालात.

"दोन दिवस कोन झाडन बाई?" मी म्हणाले. "याकोब आज दूर गेला आहे. एवढासा पाला, घडीभरात जळून जाते."

आपल्या मोहाखाली काडी मीच ओढली. जाळाआधी कडेनं झाडून पट्टा करायचा असतो, तो मी तीन बाजूंनी केला. नाल्याच्या बाजूला केला नाही. पाठ भरून आली होती, घरी लेकरू भुकेलं होतं, आणि खरं सांगायचं तर सकाळी मिठावरून तुम्ही मला बोलला होतात त्याचा राग डोक्यात होता. नाला मध्ये आहे, आग कुठं जाते, असं मी मनाशी म्हटलं. नाला तेव्हा कोरडा होता आणि पाल्यानं भरलेला होता, हे मला दिसत होतं.

"तू जाय," तुम्ही म्हणालात. "लेकरू रडत असन. थंडं होतवरी मी आहो इथी."

मी गेले. लेकराला पाजलं, तांदूळ निवडायला घेतले. दिवस कलला तेव्हा घंटा झाली, रोजच्यासारखी, अगदी वेळेवर. मी तांदळातून मान वर केली नाही. त्यानंतर थोड्याच वेळानं लोक ओरडत पळू लागले. नाल्यापलीकडे धूर उभा राहिला होता.

सागाची सगळी लागवड गेली. हातात हिरव्या फांद्या घेऊन आपण सगळे आग झोडपत होतो, तुम्हीसुद्धा. तुमच्या लुगड्याचा काठ जळला होता आणि तुम्हाला तो दिसत नव्हता. मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही माझ्याकडे पाहिलं. मग दोघीही पुन्हा आग झोडपू लागलो.

दुसऱ्या दिवशी रेंजरसाहेब आले. नाल्याला सगळ्यात जवळ लालसूचा मोह. वनगावातला लालसू, आपल्याकडे कापणीला येणारा. त्याच्या झाडाखाली पाला जाळल्याची राख निघाली. ती आठ दिवसांपूर्वीची होती, बंदीच्याही आधीची, पण राखेवर तारीख लिहिलेली नसते. आपल्या झाडाखाली कोणी पाहिलंच नाही. नाकेदाराच्या घरचं झाड ते, तिथं कोण पाहणार? अहवाल याकोबनं लिहिला. मी कंदिलाची काच पुसत शेजारीच बसले होते. त्यानं लालसूचं नाव लिहिलं, ते मी उलट्या बाजूनं वाचलं.

लालसूला चार दिवस कोठडीत ठेवलं. मग हुकूम झाला. वनगावातली घरं खात्याच्या मर्जीवर असतात, तेव्हा यंदाचं धान कापून झालं की लालसूनं झोपडी मोडायची आणि बायकापोरांसह गाव सोडायचं. हे ऐकून तो तुमच्याकडे आला होता. आपल्या अंगणात उकिडवा बसला.

"बाई, मी नाई लावली," तो म्हणाला. "माझ्या पेनाले मी सांगून राह्यलो. तुम्ही तुमच्या देवाले सांगा."

पेन म्हणजे त्यांचा देव. तुम्ही मान हलवलीत. आत चुलीपाशी मी सगळं ऐकलं.

आता माझ्या रागाचं सांगते. त्याआधी तुम्ही प्रार्थनेला उभ्या राहिलात की आमचे पाय दुखायचे. गावातल्या एकेकाचं नाव, त्याचा आजार, त्याची गाय, राष्ट्रपती, पाद्रीसाहेबांचा दमा, सगळं यायचं. आगीनंतर तुमची प्रार्थना एका ओळीची झाली. "प्रभू, मज पापिणीवर दया कर." बस. हात जोडून नव्हे, छातीवर मूठ ठेवून. प्रार्थनाघरात तेच, कांडताना तेच, पाण्याला जाताना तेच. मला वाटायचं, ही माझ्यासाठी आहे. तुम्ही कसल्या पापिणी? मुंगी पायाखाली आली तर थांबणाऱ्या तुम्ही. माझं पाप आपल्या तोंडी घेऊन मला ऐकवता आहात, रोज, दिवसातून वीस वेळा, म्हणजे मी एकदाची फुटेन. मी दात आवळून भाकरी थापायची.

एकदा मी न राहवून बोललेच. "देवाले एकदा सांगतलं का समजते बाई. तो काही बहिरा नाई."

"त्याले समजते वो," तुम्ही सूप पाखडता पाखडता म्हणालात. "मलेच समजून नाई राह्यलं अजून."

मला तेव्हा तो टोमणा वाटला. तुमच्या सरळ बोलण्यात मी टोमणा शोधायची आणि तो मला सापडायचाही.

मग तुम्ही रेंज ऑफिसला जायला लागलात. दर बाजाराच्या दिवशी. लोक मीठ-मिरची घ्यायला जायचे आणि तुम्ही साहेबांच्या पायरीवर बसायला. पहिल्या खेपेला चपराशानं हाकललं. दुसऱ्या खेपेला साहेबांनी हाकललं. तिसऱ्या खेपेपासून कोणी हाकलेनासं झालं, आणि तुम्ही घरी येऊन सांगितलंत, "आज साहेब बाजूनं गेले, काई बोलले नाई." जणू मोठीच मेहेरबानी झाली. जाताना तुम्ही दिवस पाहून निघायचात, कारण कलत्या दिवसाला घंटेला परत यायचं असायचं. एवढ्या वर्षांत घंटा एकदाही चुकली नव्हती. तापातही नाही, तुमची लेक गेली त्या दिवशीही नाही. मामंजींना तुम्ही तसा शब्द दिला होता. तुम्ही कशाचाच तोरा मिरवला नाहीत, एवढा एक सोडून.

भाद्रपदात मी तुमच्यासोबत आले. तुमचे गुडघे सुजले होते म्हणून आले, असं याकोबला सांगितलं. खरं म्हणजे तुम्ही तिथं काय बोलता ते मला ऐकायचं होतं. माझं नाव तर घेत नाही ना, याची भीती होती. आता लिहिते आहे तर सगळंच लिहिते.

साहेब बाहेर आले. दमलेला माणूस, डोळ्यांखाली काळं. "आलीस म्हातारे?"

"साहेब, लालसूवर दया करा."

"हे दर आठवड्याचं झालं. अगं, आग कोणी लावली ते सांग, मी आज लालसूला सोडतो. मला वरती नाव द्यावं लागतं. नाव आहे तुझ्याजवळ?"

तुम्ही खाली पाहत राहिलात. "दया करा साहेब," एवढंच पुन्हा म्हणालात. साहेब निघून गेले.

परतीच्या वाटेवर मी तुम्हाला काय काय बोलले ते तुम्ही विसरला असाल तर बरं. मी विसरलेले नाही. "दया मांगता अन् खरं दाबून ठेवता? हे मांगणं आहे का ढोंग? त्या मानसानं एक नाव मांगतलं!"

तुम्ही थांबलात. सालईच्या झाडाला हात टेकलात. "कोनाचं नाव सांगू, सलोमी?"

"माझं सांगा! सांगा न! मनातल्या मनात तर रोजच सांगता!"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. राग नव्हता तुमच्या डोळ्यांत, भीती होती. मला वाटलं ती याकोबसाठी आहे, त्याच्या नोकरीसाठी. ती होतीच. पण आणखीही काही होतं आणि मी ते पाहायला थांबले नाही. मी पुढं निघाले, तुम्ही मागून, हातभर अंतर ठेवून.  भांडण तिथंच राहिलं आहे, बाई.

पुढच्या बाजाराला तुम्ही एकट्या गेलात. पाऊस लागला होता, नाला छातीपर्यंत होता. याकोबनं अडवलं, मी मात्र अडवलं नाही. मी मुद्दाम चुलीकडे तोंड करून बसले. साहेब दौऱ्यावर होते. तुम्ही ओल्या लुगड्यानं दिवसभर त्या पायरीवर थांबलात, आणि तरी घंटेच्या वेळेला परत आलात, ओल्याच. घंटा वाजवलीत आणि मग थंडी भरली.

सहा दिवस तुम्ही अंथरुणात होतात. तेवढे दिवस आणि पुढचे तीन दिवस घंटा मंडळीतल्या कोणी ना कोणी वाजवली. काढा मी दिला, पाय मी चोळले, उगाच वाईटपणा नको. पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही माझं मनगट धरलंत.

"सलोमी, साहेब नव्हते वो."

"नव्हते तर नव्हते. तुम्ही पडून राहा."

"त्या दिवशी घंटा मीच वाजवली."

"तुम्हीच वाजवता न बाई, रोज."

तुम्ही मान हलवलीत, नाही नाही अशी. पुन्हा तेच म्हणालात. मला वाटलं, ताप डोक्यात गेला. मी ओला फडका बदलला. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

खड्डा खणायला लालसू आला. कोणी बोलावलं नव्हतं. सब्बल खांद्यावर टाकून आला आणि याकोबच्या समोरून जाऊन खणायला लागला. याकोब टोपी हातात घेऊन उभा होता. "बाईनं माझ्यासाठी पायरी झिजवली," लालसू कोणालाच न पाहता म्हणाला. मी पदर तोंडात कोंबला. लोकांना वाटलं, सून रडते आहे.

आणि मग चौथ्या दिवसाची ती घंटा. प्रार्थना आटोपून मंडळी पांगली, मी खुंटी हातात घेऊन चिंचेखाली उभी होते. सहज आपल्या मोहाकडे पाहायला मान वळवली. मोह दिसत नाही तिथून. मध्ये टेकाड आहे आणि बांबूची बेटं आहेत. पाऊल उचलून गेलं तरी भात शिजून होईल एवढा वेळ लागतो. मी पाहतच राहिले. त्या दिवशी घंटा वेळेवर झाली होती. तुम्ही चिंचेखाली होतात. मग मोहाखाली कोण होतं?

कोणीच नव्हतं. मी तिथंच खाली बसले, बाई. धग जिवंत असताना तुम्ही उठून आला होतात. घंटा चुकू नये म्हणून. देवाची वेळ चुकू नये म्हणून तुम्ही जळता पाला टाकून प्रार्थनेला आलात, आणि तुम्ही देवापुढे उभ्या होतात तेव्हा आग नाल्यात उतरत होती. मला वाटत राहिलं, माझ्या न झाडलेल्या बाजूनं आग गेली. तुम्हाला वाटत राहिलं, तुमच्या उठण्यानं गेली. मी झाडलं असतं तर गेली नसती, तुम्ही बसला असतात तरी गेली नसती. एका चुलीवर आपण सहा महिने जेवण रांधलं आणि एकमेकींना विचारलं नाही.

म्हणजे ती ओळ तुमचीच होती. मज पापिणीवर. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवतच नव्हता. कोनाचं नाव सांगू, हे तुम्ही मला खरंच विचारत होतात, आणि मी तुमच्या अंगावर ओरडले. ओल्या लुगड्यानं त्या शेवटच्या खेपेला तुम्ही कशाला गेला होतात, तेही मला तेव्हा कळलं. साहेबांना नाव द्यायला गेला होतात. आपलं स्वतःचं.

त्याच संध्याकाळी मी याकोबला सांगितलं. तो जेवत होता. घास हातातच राहिला. मग तो खाली ठेवून म्हणाला, "कापनी होऊ दे. मग पाहू."

"कापनी झाली का लालसूचं घर मोडते."

"मालूम आहे मले." तो उठला, हात धुतले, खाकी टोपी खुंटीवरून काढली आणि मांडीवर घेऊन बसला. नोकरी जाईल हे त्यानं बोलून दाखवलं नाही, मीही नाही. निजायला जाताना एवढंच म्हणाला, "जाशीन तर जाय. पन आईचं नाव घेऊ नोको. मेली ते."

बाजाराच्या दिवशी मी निघाले. नाला उतरला होता. बांधाबांधांवर धान पिवळं पडलं होतं आणि ते पाहून मी भराभर पाय उचलले. चपराशानं मला ओळखलं. "म्हातारी गेली म्हनतात? साहेब आतमधी आहेत. कागद पाहून राह्यले. बस." मी तुमच्याच पायरीवर बसले. ती मधोमध खोलगट आहे, तुम्हाला माहीतच आहे.

दुपार झाली, साहेब बाहेर येईनात. दोन माणसं आत गेली, बाहेर आली. दुपार कलू लागली. आता उठलं तर घंटेला पोचता येईल, हे मला कळत होतं. चपराशी म्हणाला, "आज नाई होत वाटते. पुढच्या बाजाराले येजो." आणि बाई, मी उठले हो. पदर सावरला, दोन पावलं टाकली. एवढ्या वर्षांत न चुकलेली घंटा, आणि आठ दिवसांत सुनेनं चुकवली असं मंडळी म्हणतील, असं मनात आलं. साहेब काय, पुढच्या आठवड्यातही असतील. तोवर लालसूचं धान कापून झालं असतं.

मी मागे फिरले आणि बसले. तोंडात शब्द आले ते तुमचेच. प्रभू, मज पापिणीवर दया कर. मी ते पहिल्यांदाच म्हणत होते. सावल्या लांबल्या, घंटेची वेळ आली, गेली. मी तिथंच होते.

साहेब दारात आले तेव्हा मला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आता तू?"

"साहेब, आग मी लावली," मी म्हणाले. "नाल्याची बाजू झाडली नाई. राखनीले माझी सासू होती. ते घंटा वाजवाले उठून गेली. लालसूचा काही संबंध नाई."

याकोबनं घेऊ नको म्हटलेलं नाव मी घेतलं. ते सांगायला तुम्ही नाल्यातून चालत गेला होतात. ते गाळणं म्हणजे तुमच्या तोंडावर हात ठेवण्यासारखं झालं असतं. चुकलं असेल तर सांगा, कुठून तरी.

साहेब पायरी उतरून जवळ आले. "म्हणजे म्हातारी स्वतःसाठी येत होती?"

"दोघांसाठी, साहेब. लालसूसाठी अन् स्वतःसाठी."

त्यांनी आत नेऊन सगळं लिहून घेतलं. मी सातवी शिकलेली, सही केली. लालसूचा कागद बाजूला काढून त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली. "त्याला सांग, घर मोडायचं नाही. तुमचं आणि नाकेदाराचं काय ते चांद्याच्या मोठ्या कचेरीतून येईल." आमचं अजून आलेलं नाही. याकोब रोज टोपी घालून जातो आणि टपालाच्या दिवशी कोणाशी बोलत नाही.

येताना मी आधी लालसूच्या घरी गेले. तो दारातच उभा होता.

"आज घंटा नाई वाजली," तो म्हणाला. "काऊन? घरी बरं आहे न?"

मी त्याला सांगितलं. आधी घर मोडायचं नाही ते, मग उरलेलं सगळं. त्याचा चेहरा पाहायची हिंमत नव्हती, म्हणून त्याच्या पायांकडे पाहून सांगितलं.

"बाईले मालूम होतं?"

"होतं."

"मी तिचा खड्डा खंदला," तो म्हणाला. मग आत गेला आणि बांबूची ताटी ओढून घेतली.

बाई, आता मी घंटा वाजवते, आवाज जरा सुधारला आहे. प्रार्थना झाली की लालसूच्या दाराशी जाऊन बसते. बोलत नाही. तुम्ही पायरीवर बसायचात तशी बसते, आणि ओळ तीच म्हणते. पाच दिवस झाले. काल त्याच्या बायकोनं ताटी थोडी सरकवून पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला आणि पुन्हा लावून घेतली. लालसू अजून बाहेर आलेला नाही. आज घंटा झाली की पुन्हा जाईन.